ठिकाण न लिहिलेला लेख

माधव,

तू गेल्यावर करायची म्हणून जी कामं होती ती मी उरकली. शाळेत कळवलं. तुझ्या भावाला तार केली. तुझ्याकडे लोकांची पुस्तकं होती ती ज्याची त्याला पोचवली; त्यांत माझीही निघाली, जी नेलीच नाहीत असं तू माझ्या तोंडावर सांगत होतास. वहिनींचा भाऊ येऊन राहिला आहे. घराचं कौल फुटलं होतं ते बदललं. एक काम तेवढं अडकलं, आणि ते तुझ्यामुळे अडकलं. तुझा लेख.

गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मी धरला आहे. तू असतास तर म्हणाला असतास, "सदा, आधी पुरावा दे, मग राग धर." पुरावा देतो. वाचणाऱ्यांना हकीकत ठाऊक नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो. मध्ये बोलू नकोस.

धारूरकडच्या डोंगरात एक गाव आहे. गावाबाहेर तळं, तळ्याच्या बांधावर एक देवी. देवी म्हणजे उभा दगड, त्यावर पिढ्यान्‌पिढ्या लावलेलं तेल आणि शेंदूर. शेंदराचा थर इतका जाड की खाली दगड आहे की लाकूड ते कुणी सांगू शकलं नसतं. असा थर केव्हातरी आपल्या वजनानं सुटून पडतो. त्याला तिकडे "आईनं अंग टाकलं" म्हणतात. पडलेला थर वाजतगाजत तळ्यात सोडतात, उघड्या दगडाला नवं लुगडं गुंडाळतात, आणि नवा शेंदूर चढेपर्यंत पुरुषानं समोर उभं राहायचं नाही अशी रीत. एका माणसाच्या आयुष्यात हे एकदा घडलं तर घडलं.

या खेपेस आईनं अंग टाकलं तेव्हा दगडावर अक्षरं दिसली. शेंदूर चढवायचा मान सरूबाईच्या घराकडे. तिचा भाचा आंबेजोगाईच्या शाळेत तुझ्या हाताखाली शिकलेला. तिनं त्याच्याकडून निरोप धाडला: "आईच्या अंगावर लिव्हलेलं हाय. काय म्हन्ती ती, मास्तरांनी येऊन वाचून सांगावं."

तू त्याच पावली माझ्या कोर्टात आलास. मुन्सिफांसमोर काम चालू होतं, मी नकला तपासत होतो, आणि तू दारातून हातवारे करत होतास. मला रजेचा अर्ज उर्दूत लिहायला लावलास आणि त्यात कारण काय लिहायचं तेही सांगेनास. शेवटी मी "देवदर्शन" असं लिहिलं. ते खोटं ठरलं नाही.

असे लेख पुण्याच्या एका त्रैमासिकात छापून येत; त्यासाठी दगडाचा ठसा घ्यायला काय काय लागतं त्याची यादी मी केली होती. कागजीपुऱ्याचा कागद, शाई, शाई टिपायची कापडाची पुरचुंडी, पाण्याचं भांडं, ओला कागद अक्षरांत ठोकून बसवायला ब्रश. सामान भरायचं काम तुझं. डोंगर चढून गेल्यावर कळलं की ब्रश घरी राहिला. मी तुला जे बोललो ते इथे लिहीत नाही. आपले टांगेवाले रहीमभाई, त्यांनी घोडीला चोळायचा ब्रश काढून दिला. "धुऊन घ्या, मास्तर. न्हाईतर माज्या घोडीचा केस बी छापून येईल पुन्याला."

बांधावर बाया पाठ करून बसल्या. सरूबाईनं माझ्याकडे बोट केलं. "मास्तर वाचनार, त्यांस्नी बघावंच लागतंय. ह्ये दुसरे कावून आले?"

"हे कागद धरणारे आहेत," तू म्हणालास. या संशोधनातली माझी पायरी तेव्हाच ठरली.

लुगडं बाजूला झालं. वर चंद्र-सूर्य कोरलेले, मध्ये ओळी, आणि तळाशी एक चित्र. ओळी तू मनात वाचल्यास. तुझा चेहरा बदलला, आणि चित्राकडे पाहून माझाही. असे दगड आपण दुसरीकडे पाहिले होते. वरच्या ओळींत दान असतं. इथलं दान असं की तळं आणि तळ्याचं पाणी सगळ्या गावाला दिलं आहे, कुणी एकट्यानं वळवू नये. खाली शाप असतो. जो दान मोडील त्याच्या आईला आणि गाढवाला जोडून दिलेली शिवी. आणि ज्याला वाचता येत नाही त्यालाही कळावं म्हणून त्या शिवीचं चित्र. तर अशा शिवीच्या दगडाला त्या गावच्या बाया, कुणास ठाऊक किती पिढ्या, हळदकुंकू वाहत होत्या, खणानं ओटी भरत होत्या. शेंदरानं आणि पाण्यानं चित्र झिजलं होतं. बाईची आकृती पुसट झालेली, जनावराचे कान जवळजवळ गेलेले.

"काय म्हन्ती आई?" सरूबाईनं पाठमोऱ्या पाठमोऱ्या विचारलं.

"तळं सगळ्या गावाचं आहे म्हणते. कुणी एकट्यानं पाणी वळवू नये. वळवील त्याचं बरं होणार नाही."

बायांनी हात जोडले. एकीनं डोळे पुसले. मग सरूबाई म्हणाली, "आन खाली? लुगडं नेसवताना मला दिसलं. घोडं हाय न्हवं आईचं?"

एक वेलांटी कोरलेली की दगडाचा टवका उडालेला, यावर तू माझ्याशी अख्खा रविवार भांडलेला माणूस. अंदाजे बोललेलं तुला खपत नसे. आणि तू म्हणालास, "हो. घोडाच."

परतताना टांग्यात आपण जुंपलो. मी म्हटलं, विद्यार्थ्यानं असं उत्तर दिलं असतं तर तू त्याला बाकावर उभं केलं असतंस. तू म्हणालास, "विद्यार्थ्यानं मला विचारलं असतं तर गाढव सांगितलं असतं. तिनं मला विचारलं नाही बे, तिनं मला सांगितलं." रहीमभाई वळून म्हणाले, "जरा हळू भांडा. घोडी बिचकती."

त्याच हंगामात गावच्या देशमुखांनी, देशमुख मी सोयीसाठी म्हणतो, तळ्यापासून आपल्या नव्या उसाकडे चर खणायला घेतला. याआधी गावानं अर्ज-विनंत्या केल्या असत्या आणि त्या आमच्या कोर्टाच्या कपाटात पडून राहिल्या असत्या. या वेळी बाया बांधावर जाऊन बसल्या. आईनं लिव्हलंय, एवढंच म्हणत राहिल्या. देशमुखांच्याच गड्यांनी कुदळी खाली ठेवल्या. चर अर्धवट राहिला. बातमी आली तेव्हा तू मला चहा पाजलास, जे तू सहसा करत नसायचास, आणि त्याच संध्याकाळी लेखाला सुरुवात केलीस.

आता माझ्या तक्रारीचा मुख्य भाग. लेख लिहायला लागतात त्याहून कितीतरी जास्त दिवस तुला लागले, आणि त्यातला बराच वेळ तू माझा घेतलास. पुण्याच्या त्या त्रैमासिकाचे नियम मी भिंतीवर लावून दिले होते. कागदाच्या एकाच बाजूस लिहावे. समास सोडावा. टिपा शेवटी द्याव्या. ठशाची प्रत जोडावी. तू टिपा समासात लिहायचास, समासातल्या टिपेला आणखी टीप द्यायचास, आणि जागा संपली की कागदाच्या मागे जायचास. अक्षर तुझं असं की तेही कुणीतरी ठसा घेऊन वाचावं. म्हणून स्वच्छ प्रत माझ्या हातची. कोर्टात नक्कल झाली की मुकाबला करतात: एकानं मूळ मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं नक्कल धरून बसायचं, फरक दिसला की नक्कल सुधारायची. तुझ्याबरोबर मुकाबला करणं अशक्य होतं. तू वाचता वाचता मूळच बदलायचास.

"मुकाबल्यात मूळ बदलत नसतात, माधव."

"मूळच चुकलंय, तर काय करू?"

मग मी पुन्हा पहिल्या पानापासून.

शेवटी लेख गेला. संपादकांचं उत्तर आलं, ते अजून माझ्याकडे आहे. वाचन निर्दोष, टिपा उत्तम, शापाची ओळ संस्कृतात फिरवून द्यावी म्हणजे वाचकांस संकोच होणार नाही. तू लगेच फिरवून दिलीस. पुढे एकच वाक्य होतं: दगड कोणत्या गावी व कोठे उभा आहे ते लिहावे, त्याशिवाय लेख छापता येत नाही.

तू लिहून पाठवलंस, बालाघाटातील एक खेडे. लेख परत आला. तू लिहिलंस, धारूर परगण्यातील एक तळे. पुन्हा परत. त्यांचंही काही चूक नव्हतं. ठिकाण नसलेला शिलालेख म्हणजे साक्षीदार नसलेला दस्तऐवज. उद्या कुणीही उठून घरी बसून एक लेख कोरील. मी संपादकांच्या बाजूनं होतो आणि तुला ते लपवलं नाही.

आपलं भांडण कुठे अडलं होतं ते नोंदवून ठेवतो, कारण ते आता कधीच सुटणार नाही. माझं म्हणणं: गाव लिही. देशमुख काही पुण्याचं त्रैमासिक मागवत नाही. तू म्हणायचास: वाचणार नाही, पण ऐकेल. कुणीतरी तहसिलीत सांगेल, तहसिलीतून त्याच्या ओसरीवर जाईल. मी म्हणायचो: मग उलट बरंच. दगडावर दान लिहिलेलं आहे, छापून आलं की पुरावा झाला, गाव कोर्टात उभं राहील. यावर तू माझ्याकडे असं पाहायचास की मला माझ्याच नोकरीची लाज वाटावी. "सदा, तू रोज तिथं बसतोस. देशमुखाचा वकील दानाची ओळ वाचणार नाही. तो खालचं चित्र दाखवील आणि विचारील, हीच का तुमची आई? अख्खं कोर्ट हसेल. मुन्सिफ रुमाल तोंडाला लावील. आणि त्या बाया परत बांधावर बसायच्या नाहीत." आणि वर: "दगड ज्या कामासाठी रोवला ते तो अजून करतोय. मी छापून ते बंद पाडू?"

"मग लेख लिहिलासच कशाला?"

"कारण तो खरा आहे."

अशा माणसाशी काय बोलायचं? खरंही सोडायचं नाही आणि सांगायचंही नाही. बासनात बांधलेला लेख तुझ्या कोनाड्यात पडून राहिला. दर दसऱ्याला तू तो सरस्वतीपुढे ठेवायचास, आणि मी आलो की त्यात एखादी टीप वाढलेली असायची.

तापात होतास तेव्हा एकदा मी उशाशी बसून विचारलं होतं, गाव लिहू का? तू डोळे उघडलेस. मला वाटलं आता हो किंवा नाही काहीतरी म्हणशील. तू म्हणालास, "चौथी टीप परत बघ." मी रागावून बाहेर ओसरीवर जाऊन बसलो. दुसऱ्या दिवशी तू शुद्धीवर नव्हतास. चौथी टीप मी नंतर पाहिली. तिच्यात काहीही चूक नाही.

तू गेल्याचं मी संपादकांना कळवलं आणि कोनाड्यातला लेख सोबत पाठवला. त्यांचं पत्र फार सभ्य आलं. पुढच्या अंकात अग्रभागी, काळ्या चौकटीत, तुझ्या नावानं लेख छापतो म्हणाले. ठिकाणाबद्दल लेखकाची जी हरकत होती ती आता उरली नसावी, तरी तेवढं कळवावं.

वहिनींना पत्र वाचून दाखवलं. वहिनी म्हणाल्या, "भावजी, त्यांचं नाव छापलेलं एकदा बघू द्या मला. बाकी काही मागत नाही." तू हयातीत त्या बाईला काय दिलंस याचा हिशोब मी मांडत नाही. पण हे मागणं रास्त होतं. मी कोरा कागद घेतला, दौत उघडली, आणि ठिकाणाचा मजकूर मनात पक्का केला: गावाचं नाव, तळ्याची दिशा, बांधाचं टोक. यात मला काडीचाही संकोच नव्हता. अडवायला तू नव्हतास, आणि माझी बाजू मला तेव्हाही बरोबर वाटत होती.

तेवढ्यात दारात सरूबाई आली. डोंगर उतरून, पायीच, पदरात तळ्याखालच्या मळ्यातला लसूण बांधून. वहिनींजवळ बसून रडली. मग माझ्याकडे वळली.

"देसमुकानं चर पुन्हा काढलाय. चावडीवर म्हनला, मास्तर मेला, आता कुनाला वाचता येतंय काय लिव्हलंय त्ये? दगडावर तर शेंदूर हाय. तुमी कागद धरलाता न्हवं तवा?"

"धरला होता."

"मग तुमी या. कागद घिऊन या."

गेलो. तुझा ठसा गुंडाळून बरोबर घेतला. सांगोवांगी बोलायला मी जात नाही. जिथं जाईन तिथं मूळ दाखवीन. टांग्यात रहीमभाईंनी विचारलं, "आज मास्तरसाब न्हाईत, भांडनार कुनाशी?"

चावडीवर सगळं गाव होतं. बाया लिंबाखाली, पुरुष ओट्यावर, देशमुख मध्ये लोडाला टेकून. मी ठसा उलगडला आणि दानाच्या ओळी मोठ्यानं वाचल्या. कोर्टात वाचतो तसं, न थांबता, आवाज न चढवता. तळं सगळ्या गावाचं. पाणी कुणी एकट्यानं वळवू नये. चंद्र-सूर्य आहेत तोवर. बायांनी तिथूनच हात जोडले.

देशमुख सगळं ऐकून घेत होते. मग पुढे वाकले आणि कागदाच्या तळाशी बोट ठेवलं. "लई झाक वाचलंत. आन ह्ये जनावर कसलं म्हनायचं, नक्कलनवीस? मला तर कान गाढवाचे दिसत्यात." त्यांच्या मागं बसलेले हसायच्या तयारीत होते. तेवढ्याचीच ते वाट पाहत होते.

माधव, तुझ्याशी इतकी वर्षं भांडताना मी जे जे बोललो होतो ते सगळं माझ्या तोंडात होतं. पुरावा, दस्तऐवज, खरं ते खरं. मी सरूबाईकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर तिच्यासाठी बोललो असं झालं असतं. मी ठशाकडे पाहिलं. कान झिजलेले होते, पण मला माहीत होतं.

"घोडा आहे," मी म्हणालो.

"तुमी कोर्टातले मानूस. इचार करून सांगा."

"कोर्टातला आहे म्हणूनच सांगतो. घोडा आहे."

देशमुखांनी ठसा आपल्याकडे ओढून चित्र पुन्हा निरखलं. ते मूर्ख नाहीत. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाले, "बरं. बघू." आणि उठून गेले. बाया तिथूनच फावडी घेऊन बांधाकडे निघाल्या. चर बुजला. परत निघणार नाही याची हमी मी देऊ शकत नाही. तूही देऊ शकला नसतास.

घरी आलो आणि संपादकांना लिहिलं: ठिकाण कळवता येत नाही, सबब लेख परत पाठवावा. माझ्या तोंडी घोडा आणि तुझ्या लेखात गाढव, तेही गावाच्या नावासकट, असं दोन्ही एकदम उभं करता येत नव्हतं. इथेही मी गाव लिहिलेलं नाही आणि देवीचं नावही नाही. या डोंगरात तळी पुष्कळ आहेत, शेंदूर लावलेले दगड त्याहून जास्त. ज्याला शोधायची हौस असेल त्यानं खुशाल फिरावं.

वहिनींना सांगणं सर्वांत जड गेलं. "म्हणजे छापून येणार नाही?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं. सगळं ऐकून त्या उठल्या, सरूबाईचा लसूण सोलायला घेतला, आणि म्हणाल्या, "मग शेवटी त्यांचंच झालं."

तुझंच झालं, पण त्यावरून तू बरोबर होतास असं मी मानणार नाही. एका माणसानं एका चावडीवर एकदा घोडा म्हणून सांगितलं, एवढ्यानं वाद मिटत नाही. चांगला शिलालेख जगाला कळू नये, त्यावर कुणी पुढचं काही शोधू नये, तुझ्या कामावर तुझं नाव लागू नये, हे मला आजही चूक वाटतं. तू समोर असतास तर आत्ता या घटकेला भांडलो असतो.

लेख परवा टपालानं परत आला. मी तो सबंध वाचला, प्रथमच, चुका न शोधता. आजवर मी तुझ्या प्रत्येक पानावर खूण केली, समास दाखवला, टिपा मोजल्या. गावाचं नाव ठाऊक असून हा लेख वाचणारा मी एकटाच, आणि मी तुला कधी सांगितलं नाही ते हे की लेख फार चांगला आहे, माधव. फार चांगला लिहिला आहेस.